निपाणीपर्यंत एकच प्रत

८ मार्च, रवि.
पुन्हा तेच. संध्याकाळी आईचा स्पीच थेरपीचा तास, निपाणीच्या घरून व्हिडिओवर. मी इथून, आमच्या इंटरनेट-केबल कंपनीच्या बेळगावच्या ऑफिसातून जोडलेला. मेंदूच्या झटक्यातून ती वाचली हेच खूप, पण शब्द गेलेत. मॅडमनी माझा फोटो दाखवला, "हा कोण?" आईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिच्या शेजारून आप्पा ओरडले, "विजू, लाइन अडकलीया का ही बोलंना झालीया? कळंना रं."
मलाही कळेना. मॅडम म्हणाल्या, पेशंट गप्प आहे की चित्र अडकलंय, हेच समजत नसेल तर शिकवू काय? बरोबरच आहे. असंच राहिलं तर तास बंद करावे लागतील म्हणाल्या.

९ मार्च
कारण सापडलं, आणि ते आमच्याच नेटवर्कात. आईच्या तासालाच जत्रेतल्या कुस्त्या थेट चालू होत्या. आमच्याकडं डेटाच्या प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर पुढचा सगळा रस्ता सुरुवातीलाच लिहितात, मधले राउटर नुसतं वाचून पुढं ढकलतात. एकाकडून एकाकडं जायचं असेल, आईच्या कॉलसारखं, तर झकास. पण कुस्ती सगळ्यांनाच हवी. आणि गावोगावच्या केबलवाल्यांचा मानपान केवढा! "दुसऱ्याच्या दारातनं नको, आमाला थेट बेळगावातनं द्या." दिलं. म्हणजे तेच दोन पैलवान एकाच तारेतून निपाणीपर्यंत प्रत्येक गावासाठी वेगवेगळे धावतायत. आईला जागा कुठून मिळणार?

१० मार्च
शोभाक्कांना सांगितलं. टीमच्या प्रमुख, पण बोलायला लागल्या की पार मच्छे गावच्या. मी म्हटलं, टीव्हीसाठी वेगळं नेटवर्क मागूया. हसल्या. "घरातल्या एकेकाला येगळं आवतान देत बसतोस व्हय रं? चुलबंद दे की. अख्ख्या घराला एकदाच."
म्हणजे निपाणीपर्यंत एकच प्रत. तिच्या डोक्यावर रस्त्यासोबत एक जादा सूचना: निपाणीत पोचलं की प्रती काढ, गावांना वाट. आईचा कॉल त्याच तारेतून, सूचनेशिवाय. दोन्ही एकत्र नांदतील. दिवसभर ऑफिसातच यंत्रं जोडून चाचणी, चालतंय. शोभाक्का चहा पाजून गेल्या, वर थँक्यू म्हणायचं न्हाय म्हणाल्या.

१२ मार्च
राउटर ऐकले, केबलवाले ऐकेनात. "मंजे आमी निपाणीच्या हाताखाली व्हय?" शोभाक्कांनी स्वतः एकेकाला फोन लावले, निम्मे कानडीत. चित्र तेच, वेळ तीच, मान तोच. आईचं सांगू नका म्हटलं होतं. सांगितलंच. सगळ्यात जास्त अडून बसलेलाच म्हणाला, "आदी सांगायचं न्हाय व्हय, आक्का? करा की." बाकीचेही वळले. ह्या माणसांना मी चार दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होतो! डोळे भरून आले, बाहेर जाऊन उभा राहिलो.

१५ मार्च, रवि.
कुस्त्यांचं मैदान आणि आईचा तास, एकाच वेळी. निपाणीच्या तारेत भरपूर जागा, सगळ्या गावांत कुस्ती चालू. आईचं चित्र इतकं स्वच्छ, की मागचं कॅलेंडर पंख्यानं हलताना दिसत होतं.
मॅडमनी फोटो धरला. "हा कोण?"
आई बघत राहिली. ओठ हलले. "वि..." आणि पुढं काही नाही.
आप्पा म्हणाले, "गेली का रं लाइन?"
"न्हाय आप्पा. लाइन चांगली हाय."
इतके दिवस सगळा दोष तारेवर ढकलता येत होता. आता ही शांतता तिची, सगळी तिचीच. तरी शोभाक्कांचे, त्या केबलवाल्यांचे उपकार, की निदान ती शांतता नीट ऐकू आली. अर्धं का होईना, माझं नाव ऐकू आलं.
आईनं फोटोवरची नजर काढली, पडद्यात मला शोधलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.
तास संपला होता. मॅडम म्हणाल्या, थांबते मी. आम्ही सगळेच थांबलो.