हुकाखालच्या पिवळ्या रेघा

ऑर्हूस, ४ जून

प्रिय बाबा,

घरी आलेली पत्रं आई वाचते आणि तू जेवताना ऐकतोस, हे मला माहीत आहे. हे पत्र मात्र तू स्वतः वाच. शेडमध्ये जा, थर्मासमधली कॉफी ओत, चष्मा पूस आणि सावकाश वाच. फोनवर हा विषय काढला की तू म्हणतोस, "सोड गं ते, तिकडे वारा कसाय?" आणि मी सोडून देते. वर्ष होत आलं, मी सोडूनच देते आहे.

नोकरीची बातमी तुला आईकडून कळलीच असेल. नगरपालिकेच्या कचरा विभागात, ऑगस्टपासून. आईने बेकरीत सगळ्यांना सांगितलं म्हणे, आणि तू म्हणालास, "चला, आपल्या घरात एक तरी नखं काळी नसलेला माणूस झाला." ते ऐकून मी हसले नाही. ती नोकरी मला कशी मिळाली ते तुला ठाऊक नाही. सांगणार आहे, पण आधी बाकीचं सांगू दे.

शेडवरची पाटी तू उतरवलीस, हेही आईने सांगितलं. 'ट्रेलरचे हुक बसवून मिळतील. वेर्नर.' माझ्या जन्माआधीपासून ती पाटी तिथे होती. आता तू फक्त गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतोस. आई म्हणते, पाठीमुळे गाडीखाली शिरवत नाही. पाठीचं मी मानत नाही, बाबा. गावातल्या लोकांना आता तू बसवलेला हुक नको आहे, आणि त्यामागचं खरं काय ते फक्त आपल्या दोघांना माहीत आहे.

मी सहा वर्षांची असल्यापासून तुझी दिवेवाली होते. तू ट्रेलर गाडीला जोडायचास आणि मी मागे उभी राहून ओरडायची, "डावा! उजवा! ब्रेक!" एखादा दिवा लागला नाही तर मला कोण आनंद व्हायचा. ट्रेलरची पकड गाडीच्या हुकाच्या गोळ्यावर बसल्याचा कट्ट असा आवाज आला, हिरवी खूण दिसली, तरी तुझं समाधान होत नसे. "आवाजाचं काय घेऊन बसलीस, आवाज खोटासुद्धा येतो," म्हणत तू ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाचा दांडा फिरवून ट्रेलरचं नाक वर उचलायचास. त्याच्याबरोबर गाडीचं बूड वर आलं की मगच पकड बसली म्हणायची. मग ते चाक पार वर घ्यायचं आणि शेवटी, ट्रेलर सुटलाच तर त्याचा ब्रेक ओढणारी सुरक्षेची तार गाडीच्या कडीत अडकवायची. गोळ्याला वेटोळं घालून नाही, कडीतच. शेजारचा एगॉन कुंपणावर रेलून म्हणायचा, "वेर्नर, ट्रेलर जोडतोयस का लग्न लावतोयस?" तू म्हणायचास, "लग्न मोडलं तर दोघांचंच नुकसान. हे सुटलं तर रस्त्यावरच्या तिसऱ्याचं."

मी शिकायला इकडे ऑर्हूसला राहायला आले तेव्हा तू माझं सामान ट्रेलरमधून आणलंस. परत निघताना रिकामा ट्रेलर होता, तरी तू सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलंस. फुटपाथवर गुडघे टेकून. माझ्या नव्या मित्राला, येप्पेला, तू मागे उभं केलंस आणि दिवे ओरडून सांगायला लावलेस. तू गेल्यावर तो म्हणाला, "तुझे बाबा दर वेळी ट्रेलरचं बारसं करतात का गं?" सगळे हसले. मीही हसले. बाबा, मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले आणि वर म्हणाले, "गावाकडची माणसं, त्यांना वेळच वेळ असतो." त्या दिवसापासून मी कधीही ट्रेलरचं नाक उचलून बघितलं नाही.

पदवी मिळाली तेव्हा तू मला काय देणार, याची मला उत्सुकता होती. तू हुक दिलास. माझ्या जुन्या छोट्या गाडीला. मी तोंड वाकडं केलं नाही, पण तुला ते कळलं असणार. तू मला गाडीखाली बोलावलंस. ही गाडी किती वजन ओढू शकते आणि गोळ्यावर किती भार चालतो, ते मला मोठ्यानं वाचायला लावलंस. एकेक बोल्ट मापाच्या पान्याने आवळलास आणि प्रत्येक बोल्टवरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढलीस. "बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटेल, बघ. हजार किलोमीटर झाले की परत आण, पुन्हा आवळायचेत." मी मान डोलावली. माझं लक्ष नव्या पँटला लागलेल्या ग्रीसकडे होतं.

मग गेल्या वर्षीचा तो जून आला. सांक्त हान्सच्या रात्रीची होळी जवळ आली तशी गावातली माणसं बागेतल्या फांद्या, झुडपं मैदानावर आणून टाकू लागली. त्या ढिगात रंग दिलेल्या फळ्या आणि जुन्या खिडक्याही होत्या. मी सगळ्यांना विषारी धुरावर भाषण दिलं. आठवतं? दुकानासमोर, हातात कागद घेऊन. एगॉन म्हणाला, "पोरी, तीस वर्षं ही होळी मीच पेटवतोय. माझं फुप्फुस बघ, अजून शिटी वाजवतं." आणि त्याने खरंच शिटी वाजवली. मी चिडले. एकटीने सगळ्या फळ्या वेचून कचरा केंद्रावर नेईन, असं मी जाहीर केलं आणि तुझा ट्रेलर घेतला.

तू दारात येऊन विचारलंस, "नाक उचलून बघितलंस ना?"

मी म्हणाले, "हो रे बाबा."

बघितलं नव्हतं. आवाज आला होता, तेवढ्यावर मी उठले होते. सुरक्षेची तार तू नीट गुंडाळून ट्रेलरच्या दांड्याला बांधून ठेवली होतीस, ती तशीच राहिली. फळ्याही मी हाताला येतील तशा मागच्या बाजूला रचल्या. जड सामान चाकांच्या किंचित पुढे हवं, नाहीतर नाक हलकं होतं, हे मला सहाव्या वर्षापासून पाठ होतं. पण लोक बघत होते आणि मला त्यांना दाखवायचं होतं की शिकलेली मुलगी कामही झपाट्यानं करते.

चर्चच्या उतारावर, दुकानासमोरच्या गतिरोधकावर ट्रेलर उडाला आणि सुटला. मी आरशात बघितलं तेव्हा तो तिरका होऊन बाकाकडे निघाला होता, आणि बाकावर एगॉन आइस्क्रीम खात बसला होता. तो उठला, पण पुरेसा लवकर नाही.

त्याचं ओरडणं तू ऐकलं नाहीस, तू नंतर आलास. पाय दोन ठिकाणी मोडला होता. आइस्क्रीम त्याच्या शर्टवर वितळत होतं आणि तो दात आवळून मला म्हणत होता, "रडू नको गं, रडू नको. खिडक्या तरी धडपणे उतरव." पोलीस आला. त्याने विचारलं, हुक कुणी बसवलाय? मी म्हणाले, "माझ्या बाबांनी. गेल्याच महिन्यात." वाक्य खरं होतं. त्याच्यापुढे आणखी एक वाक्य यायला हवं होतं, ते मी गिळलं.

तेवढ्यात तू सायकलवरून आलास. तू गोळ्यावरून बोट फिरवलंस, पकडीत डोकावलास आणि मग तुझी नजर त्या गुंडाळलेल्या तारेवर गेली. तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. पोलीस एगॉनजवळ वाकला होता. तू गाठ सोडलीस, तार मोकळी केलीस आणि ती खाली लोंबू दिलीस, जशी काही अडकवलेली असताना निसटली असावी. मग त्याच्याकडे जाऊन म्हणालास, "काम माझं आहे. माझीच चूक झाली असणार. वय झालं."

बाबा, त्याआधी तुला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तुला ते नीट जमलंही नाही, तुझे कान लाल झाले होते. पण तुझ्यावर कुणी अविश्वास दाखवील तर कसं? त्याने हुकाखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. बसवण्यातला दोष, असं कागदावर लिहिलं आणि गेला. त्या वर्षी होळी दुसऱ्याच कुणीतरी पेटवली. दुकानात बायका म्हणत होत्या, "वेर्नरला आता दिसत नाही वाटतं. बिचारा." मी ब्रेड घेऊन त्यांच्या मागे उभी होते. मी ब्रेडचे पैसे दिले आणि बाहेर पडले.

आता नोकरीचं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, सुरक्षेचे नियम कागदावर का हवेत, स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या. आणि मी ते उदाहरण दिलं. म्हणाले, माझे वडील हुक बसवतात, मायेनं पण अंदाजानं. जुन्या पिढीच्या अशाच अंदाजापायी आमच्या शेजाऱ्याचा पाय मोडला. तिघांनी माना डोलावल्या. एका बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, घरच्या माणसाबद्दल इतकं प्रामाणिक बोलायला धैर्य लागतं.

त्या संध्याकाळी मी गाडीखाली शिरले. रस्त्यावर, नव्या कपड्यांत, पाठीवर झोपून. तू ओढलेल्या रेघा मला बघायच्या होत्या. सहाच्या सहा, बाबा, सरळ. चिखल पुसला तर खालून पिवळ्याधमक. एकही केसभर हललेली नव्हती. अंदाज तुझा नव्हताच कधी.

म्हणून हे पत्र. काल मी पोलीस ठाण्यात गेले आणि सगळं लिहून दिलं: न उचललेलं नाक, मागे रचलेल्या फळ्या, न अडकवलेली तार. रेघांचे फोटो जोडले. तार तू सोडलीस, हेही लिहावं लागलं. ते गाळावंसं वाटलं, पण अर्धं खरं काय करतं ते मी वर्षभर बघितलंय. पोलीस तुला फोन करतील, तेव्हा माझ्यासाठी पुन्हा कान लाल करून घेऊ नकोस. नगरपालिकेलाही कळवलंय, नोकरी राहील का, माहीत नाही. एगॉनला मात्र मी पत्र लिहिणार नाही. त्याच्या दारात जाऊन तोंडानं सांगणार आहे, आणि मग दुकानात, गर्दीच्या वेळी. शनिवारी येते. पाटी शोधून ठेव, ती मी लावीन. आणि होळीसाठी फांद्या न्यायच्या असतील तर ट्रेलर आपण दोघं ढकलत दुकानासमोर नेऊ. जोडायचं काम मी करीन, नाक मी उचलीन, तू फक्त माझ्या गाडीत बसून पाय ब्रेकवर ठेव. मग मी मागे जाऊन उभी राहीन आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडेन. डावा. उजवा. ब्रेक.

तुझीच दिवेवाली,
आस्टा