आई काचेसमोर थांबायची तेव्हा

आई, तू गेलीस ते वय ओलांडून मला बरीच वर्षं झाली. सत्तर सालाच्या आसपास बाबांची बँकेतली बदली होऊन आपण कलकत्त्याला आलो, तेव्हा मी सतराची होते. दर शनिवारी एस्प्लनेडला ट्राममधून उतरून आपण दोघी बाजाराला जायचो. शंभरेक पावलं झाली की तू एखाद्या दुकानाच्या काचेसमोर उभी. दोन मिनिटं साड्या बघायच्या, मग पुढे. मी चिडायचे. "घ्यायचं नाही तर बघतेस कशाला? लाज वाटते मला." तू म्हणायचीस, "बघू दे गं जरा."

शिकवणीच्या पहिल्या पैशांतून मी एक जांभळी तांताची, तिथली हातमागाची सुती साडी आणली. तिच्यासमोर तू तीनदा थांबली होतीस. तू ती मांडीवर घेतलीस आणि हसलीस. "ही होती होय तिथे? अगं, माझी पोटरी आवळून यायची. रस्त्यात बसणार कुठे, म्हणून उभी राहायचे."

त्याच आठवड्यात बाबांनी तुला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हातारे बंगाली डॉक्टर तुझ्या पावलावर बोटं ठेवून कितीतरी वेळ नाडी शोधत होते. मग म्हणाले, "शुगर बहुत पुराना है. पैर का नली सिकुड़ गया, तो दिल का भी सिकुड़ा होगा." बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "छातीत तर काही दुखत नाही माझ्या." आम्हालाही तेच खरं मानायचं होतं.

मग माझ्या परीक्षेचा तो दिवस. बाबा बँकेत गेलेत. तू ओट्याला धरून उभी आहेस, पोलकं घामाने भिजलंय. डॉक्टरांनी सुरू केलेल्या इन्शुलिनने साखर उतरली असेल, असं वाटून मी साखरपाणी देते, तुला पलंगावर निजवते. "आज जाऊ नकोस गं." पेपर दुपारचा आहे, पण मैत्रिणीकडे उजळणीला जायचंय. "दुखतंय का कुठे?" "नाही. नुसतं कसंतरी होतंय." दुखत नाही म्हटल्यावर मी निघते.

संध्याकाळी परतले तर दारात शेजाऱ्यांच्या चपला. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका होता. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, काहींना छातीत कळ येतच नाही. बाबांनी मला विचारलं, "तू निघालीस तेव्हा काही बोलली का?" मी म्हणाले, "नाही. झोपली होती."

बाबा पुढे आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिले, "झोपेत गेली, त्रास झाला नाही तिला." मी एकदाही तोंड उघडलं नाही. आता तेही नाहीत. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तू जाऊ नकोस म्हणाली होतीस, एवढं मी आज पहिल्यांदा लिहिलं.