डोळे वर म्हणजे हो

मंगळवार, ४ जून

बाबांनी आरशात पाहिलं!

डॉक्टरांनी बोट फिरवलं, बॅटरी फिरवली, नजर ढिम्म हलली नाही. मी आईचा हातआरसा त्यांच्या तोंडासमोर धरला आणि हळूच डावीकडे नेला. नजर मागोमाग. उजवीकडे नेला, परत मागोमाग! मेंदूला मार लागलेल्या माणसाची नजर कधी कधी दुसऱ्या कशाच्याच मागे जात नाही, पण स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते. न्यूझीलंडमध्ये मी हे वर्षानुवर्षं शिकवलं. आज सामोआत, आमच्याच घरात पाहिलं.

नीरफणसाच्या झाडावरून बाबा पडले ते फेब्रुवारीत. तेव्हापासून अंग लुळं, वाचा बंद. डॉक्टर म्हणतात, "डोळे उघडे आहेत, पण आत कोणी नाही."

आहे. दाखवून देते.

बुधवार, ५ जून

इओसेफोला आरशाचं सांगितलं. धाकटा भाऊ, जीभ तिखट. "ताई, आरशाकडे कोंबडासुद्धा बघतो. वर चोच मारतो. त्याला नेतेस का विद्यापीठात?"

हसले. पण मुद्दा बरोबर आहे त्याचा. आणि बाबांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, रात्री उठणं – सगळं तोच करतो. थकलाय. बाबांच्या छातीत पुन्हा कफ भरला तर औषधं द्यायची की शांतपणे जाऊ द्यायचं, हे शनिवारी घरच्यांनी ठरवायचं आहे.

आईला विचारलं, "तुला काय वाटतं, त्यांना कळतं का?"

आई दचकलीच. "दुसऱ्याच्या पोटातलं आपण बोलू नये, पेनिना. ते त्याला ठाऊक आणि देवाला."

इथे सगळेच असं मानतात. "तो रागावलाय, तिला हेवा वाटतो" – तिकडे न्यूझीलंडमध्ये लोक दुसऱ्याच्या मनातलं बेधडक सांगतात. आईला हे न विचारता कुणाच्या घरात घुसण्यासारखं वाटतं. आणि मी त्याच घुसखोरीचा पगार घेते!

"मग दिवसभर त्यांच्याशी बोलतेस कशाला?"

"बोलायला काय जातं? मी उत्तर थोडंच मागते!"

गुरुवार, ६ जून

मी उत्तर मागणार. बाबांना सांगितलं – "हो" असेल तर डोळे वर. "नाही" असेल तर काहीच करायचं नाही. वर गेल्यासारखे वाटले. पण वाटण्यावर माझा भरवसा नाही. हवं ते दिसतंच माणसाला, मलाही.

शुक्रवार, ७ जून

आज नीट परीक्षा घेतली.

इओसेफोच्या कानात चर्चमधली गाणी मोठ्यानं लावली. प्रश्न त्याला ऐकूच जायला नको. त्यानं फक्त बाबांचे डोळे बघायचे आणि ओरडायचं. मी बाबांच्या उशामागे उभी – मला डोळे दिसत नाहीत, त्याला प्रश्न ऐकू येत नाही. आता कोणाची इच्छा मध्ये येणार? खरे-खोटे प्रश्न उलटसुलट मिसळले.

"तुमचं नाव फिलिपो?"

"वर!" कानात गाणी, त्यामुळे हा अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा बोंबलतोय.

"तुम्ही पाळक आहात?" काही नाही.

"आपल्या घराला भिंती आहेत?" काही नाही. आमचं घर चारी बाजूंनी उघडं.

"ही मातालेना, तुमची बायको?"

"वर! वर गेले!"

असे कितीतरी. चुकला एकच! आई कोपऱ्यात तोंडावर हात ठेवून बसली होती.

इओसेफोनं कानातलं काढलं. "जमलं?"

सांगितलं. तो उठून समुद्राकडे गेला. बऱ्याच वेळानं परत आला. "ताई, मी यांच्यासमोर काय काय बोललो गं. सुटले तर बरं, असंसुद्धा."

"मग त्यांनाच विचार."

तो वाकला. "बाबा... जगायचंय?"

मी मुद्दाम पुढे येऊन पाहिलं.

वर.

शनिवार, ८ जून

घरातले वडीलधारे जमले. डॉक्टर आले. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः विचारा." डॉक्टरांनी स्वतःचे प्रश्न विचारले. मग खुर्ची ओढून बाबांच्या जवळ बसले. "फिलिपो, माझं चुकलं," म्हणाले. सगळ्यांसमोर!

औषधं द्यायची. ठरलं. ठरवलं बाबांनी.

मन म्हणजे काय, ते दुसऱ्याचं कधी कळतं का – यावर लोक आयुष्यभर वाद घालोत. विचारायची रीत नीट असेल तर कळतं. आज तरी मी ठामपणे म्हणते.

रविवार, ९ जून

प्रार्थनेआधी पाळकांनी बाबांना विचारलं, "फिलिपो, सुरू करू?" डोळे वर. आई खुदकन हसली, ऐन प्रार्थनेच्या वेळी!

मंगळवार, ११ जून

बाबांचं पहिलं वाक्य. आई एकेक अक्षर म्हणत गेली, हव्या त्या अक्षराला बाबा डोळे वर करत गेले. सकाळभर. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. वाक्य काय ते आई मला सांगेना. शेवटी इओसेफोनं सांगितलं.

"ही डॉक्टरीण फार दमलीय. तिची माणसं वाट बघत असतील. तिला घरी पाठव."

इतक्या प्रश्नांत मी कोण, हे त्यांना विचारलंच नव्हतं. तोंड धुतलं. आता आत जाते, आणि बाबांना माझं नाव सांगते.