चाळणी खिडकीत

मंगळवार, संध्याकाळ, मानपाडा

अजून हसू येतंय. ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आणि घरात रेंजची एकच दांडी. समोर नवी बिल्डिंग झाल्यापासून हे असंच. शेवटी नेटचं डोंगल लांब वायरला जोडलं, आईच्या खोलगट स्टीलच्या चाळणीसमोर बांधलं आणि चाळणी खिडकीत फिरवत बसलो.

आई ओरडली, "अरे, पीठ काय तुझ्या कवितेतून चाळू?"

जरा डावीकडे, अजून जरा... तीन दांड्या! चाळणीने? खरंच? आणि हे मी केलेलं!

ताई सलग बोलत होती, एकदाही अडकली नाही. मध्येच शेजारच्या काकू नेमकी चाळणीच मागायला आल्या. आई दारातच कुजबुजली, "आज नाही मिळायची हो. आमच्या लेखकाने कामाला लावलीय तिला."

लेखकाने म्हणाली. पहिल्यांदाच, आणि न चिडवता.