पिंजऱ्यासकट गाडी

मी, खाली सही करणारी, गाड्यांची सीटकव्हरं शिवून पोट भरणारी विधवा बाई, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. तरीही कोणाला शंका वाटली तर त्याने माझ्याशी एकदा भांडून खात्री करून घ्यावी. गोड बोलून किंवा धाक घालून हे माझ्याकडून कोणी लिहून घेतलेलं नाही. माझ्यामागे माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

१. राहतं घर, मागची शेड आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या मुलीला.

२. शिवणयंत्र नणंदेला. जन्मभर तिने माझ्या धंद्याला नाकं मुरडली आणि सोफ्याची कव्हरं मात्र फुकट शिवून नेली. आता तिची तिने शिवावीत.

३. माझ्या पतींची हत्यारं त्यांच्या धाकट्या भावाला, म्हणजे भाऊजींना. पाइप कापायचा कटर त्यांना देऊ नये. कारण पुढे येईल.

४. आता गाडी. ती माझ्या पतींनी या शेडमध्ये स्वतः बांधली. गल्लीत त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत, कारण माणूस भेटला तरी ते आधी त्याची उंची नजरेने मोजत. शर्यतीत गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर बसू नये म्हणून आत काय लावायचं, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर पुष्कळ खल झाला. वेल्डर स्पष्ट बोलला होता, “दादा, रस्त्यावर चालवायची असेल तर सीटच्या मागे नुसती कमान घाला. चहूबाजूंनी पाइपांचा पिंजरा हवा असेल तर गाडी ट्रेलरवरून मैदानात न्यायची आणि हेल्मेटशिवाय आत बसायचं नाही. डोक्याजवळ लोखंड येतं.” ह्यांना पिंजराही हवा होता आणि रविवारी मला गाडीतून फिरवायचंही होतं. “दोन्ही जमवू,” म्हणाले.

मैदानात एकदा गाडी कोलांट्या खाऊन उताणी पडली. पट्टे सोडवून हे बाहेर आले ते हसतच. पिंजरा जागचा हलला नव्हता. पुढच्या हिवाळ्यात ते पेट्रोल भरून घरी येत होते, हेल्मेट मागे ठेवलेलं. सिग्नलला उभे असताना एका व्हॅनने बाजूने धक्का दिला. दार जरासं चेपलं. ह्यांचं डोकं दारावरच्या पाइपावर आदळलं आणि ते जागीच गेले. पाइपाला फोम होता, वरचं कव्हर माझ्या हातचं होतं, पण उघड्या डोक्याला तेवढ्याने काय होणार. कव्हर काढून मी तो पाइप कितीदा तरी भिंगातून पाहिला आहे. त्यावर साधा ओरखडा नाही.

आणखी एक लिहून ठेवते, मग कोणी मला खुळी म्हणो. ते गेलेले नाहीत. दुपारी शटर अर्धं ओढून मी शिवत बसते तेव्हा गाडीचे स्प्रिंग कुरकुरतात, आत कोणी बसल्यासारखे. ह्यांना डाव्या अंगावर रेलायची सवय होती. ड्रायव्हरच्या सीटचा फोम मी बदलला, पुन्हा बदलला. तो डावीकडेच दबतो. रिकाम्या सीटचा फोम दबत नाही, हे मला कोणी शिकवू नये. मला त्याची भीती वाटते. एखाद्या दुपारी स्प्रिंग गप्प राहिले तर जास्त वाटते.

५. मुलीला ही गाडी शर्यतीत चालवायची आहे. भाऊजींचं म्हणणं, “त्या पाइपानेच दादाला खाल्लं. कापून टाकू, मागे कमान लावू.” तिला ते पटू लागलं होतं. म्हणून काल मी तिला हेल्मेट घालून, पट्टे आवळून सीटवर बसवलं. हेल्मेट आणि पाइप यांच्यामध्ये माझा हात सहज गेला. मग पट्टे सोडवले, हेल्मेट काढायला लावलं, तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि दाराकडे नेलं. ते पाइपाला टेकलं.

“आई, बाबांना इथेच लागलं?”

“हो. इथेच.”

तिने हात वर नेऊन तो पाइप चाचपला. मी तिचं डोकं सोडलं नाही.

सबब गाडी मुलीला, पिंजऱ्यासकट. त्याचा एकही पाइप कोणी कापू नये. गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर जाऊ नये, पेट्रोल भरायलाही नाही. ट्रेलरसाठी माझ्या बांगड्या मोडाव्यात. उघड्या डोक्याने कोणी आत बसू नये, गाडी शेडमध्ये उभी असली तरी.

६. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात, म्हणून वेल्डरला काही ठेवलेलं नाही. त्याने मनाला लावून घेऊ नये. आत्ता सही करण्याआधी तो म्हणाला, “वहिनी, एवढी धास्ती आहे तर गाडी भंगारात का घालत नाही?”

मी म्हटलं, “घातली तर ती दुसरी बांधेल, बापाचीच पोर आहे. त्या गाडीत तिच्या डोक्याशी कुठला पाइप येईल, कोणाला ठाऊक? हा निदान ओळखीचा आहे.”

हे त्याच्या आग्रहावरून इथे लिहिलं.

ठिकाण: राहतं घर, मागची शेड
दिनांक: आजचा, साक्षीदारांनी स्वतःच्या हाताने घातलेला
सही: मुलीची आई

आमच्यासमोर वाचून दाखवलं आणि आमच्यासमोर सही केली:
१. वेल्डर, पिंजरा ज्याने जोडला तो
२. शेजारच्या औषधांच्या दुकानातल्या बाई