वजन-चौकट परत आली

सोमवार, ३ मार्च

माझी वजन-चौकट काढून टाकायचं ठरलं. माझी! बारा वर्षांपूर्वी एकट्याने, कुठलाही क्लास न लावता लिहिलेली. दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाचं वजन भरायची एवढीशी चौकट. टूलबॉक्समधून, म्हणजे तयार भागांच्या यादीतून, ओढायची, कॉम्प्युटरच्या पडद्यावर सोडायची, झालं.

दोष आहे, मान्य. ती पूर्ण किलोच ठेवते. तेव्हा आपलं सॉफ्टवेअर घेणारे सगळे दवाखाने मोठ्या माणसांचे होते. आता नवजात बाळांच्या वॉर्डासाठी माहिती भरायचे पडदे बनतायत, आणि २.६ किलोचं बाळ माझ्या चौकटीत ३ किलोचं होतं. औषधाचा डोस त्यावरूनच निघतो. नवी चौकट तयार आहे, पण टूलबॉक्समध्ये दोघी एकीखाली एक बसतात, दिसतातही बहिणींसारख्या. घाईत कुणी जुनी ओढली की संपलं.

आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी हे वॉर्डात जाणार. जुनी कोण काढतंय?"

"माझी आहे, मीच काढतो. अर्ध्या तासाचं काम." ऑफिसातली सहा कॉम्प्युटर-मशीन, प्रत्येकी पाच मिनिटं.

सावकाशराव (खरं नाव कुणी घेत नाही, चहाचा कप धुवायला पाऊण तास लावतो) म्हणाला, "मास्तर, चांगली होती हो चौकट." ते 'होती' टोचलं.

२७ मिनिटांत काढली.

मंगळवार, ४ मार्च

परत आली! सहाच्या सहा मशीनवर. काल मी स्वतः एकेक तपासून गेलो होतो. पुन्हा काढली, टूलबॉक्सची यादी नव्याने बनवली, चौकटीची मूळ फाईलसुद्धा उडवली. आता येऊन येऊन येईल कुठून?

बुधवार, ५ मार्च

आली.

आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंनी आज खरोखरच जुनी ओढली. मी मागून जात होतो म्हणून दिसलं, ४.४ टाकले आणि पडद्यावर नुसता ४. त्या हसल्या, "अगं बाई, सारख्याच दिसतात की!" मला हसू येईना.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. "आपोआप कशी येईल? कुणीतरी मुद्दाम टाकतंय. सगळ्यांत शेवटी कोण जातं?"

"सावकाशराव," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. पण तिथे थांबलो नाही. "त्याला ती काढलेली आवडली नव्हती," हेही जोडलं.

का जोडलं?

गुरुवार, ६ मार्च

आजही हजर. जेवताना पानावर लक्ष नव्हतं. कन्येने विचारलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ती नेमकी कधी परत येते? माणसं गेल्यावर, की मशीन चालू झाल्यावर?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

ही आतून म्हणाली, "चार वर्षं तेच शिकलीय ती. तिला नाही कळणार तर काय मला?"

कन्या उठून गेली. प्रश्न मात्र तिथेच बसून राहिला.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळीच मॅडमनी सावकाशरावाला खालच्या मजल्यावर पाठवलं, तक्रारींचे फोन घ्यायला. त्याने कप धुतला, पुसला, कागदात गुंडाळला. माझ्याकडे एकदा बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत एकटाच होतो. माझ्या मशीनवरून चौकट काढली, मशीन बंद करून चालू केलं. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. चौकट जागेवर!

म्हणजे माणूस नव्हेच.

मग मशीनबरोबर आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी काढली. एकेक ओळ तपासली. मधेच एक चिमुकला प्रोग्रॅम, नाव असं की प्रिंटरचा वाटावा. उघडला. प्रत्येक ओळ तीन स्पेस सोडून आत घेतलेली. तीन! सगळं जग दोन देतं नाहीतर चार. आणि अगदी वर टीप: 'कुणीही काढली तरी परत बसेल.'

माझीच टीप.

तेव्हा एक पदवीवाला साहेब होता. माझ्या चौकटीला 'घरगुती माल' म्हणायचा. दोनदा उडवली त्याने. मग मी चौकटीची प्रत पोटात ठेवून मशीन चालू होताच ती परत बसवणारा हा राखणदार लिहिला आणि प्रत्येक नव्या मशीनवर जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यात गुपचूप घातला. साहेब दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला. मी विसरलो. खरंच विसरलो होतो!

सहाही मशीनवरून राखणदार काढला, मग चौकट. त्याची एक प्रत तेवढी ठेवली.

मॅडमना सांगायला गेलो, पण त्या जागेवर नव्हत्या.

होत्या. दाराच्या काचेतून दिसत होत्या.

शनिवार, ८ मार्च

ही कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप तर नाही." नाही, ताप नाही.

सोमवार, १० मार्च

चौकट आली नाही.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा! शुक्रवारी माणूस हलवला, सोमवारी प्रकार बंद. मास्तर, तुमचा अंदाज अचूक निघाला." बाईंनी मान हलवली, "दिसतो गरीब, नाही?"

मी म्हणालो, "हं."

बारा वर्षांत इतकी चुकीची ओळ लिहिली नव्हती मी. घरी आल्यावर कन्येला सांगितलं, "तुझा प्रश्न बरोबर होता." ती म्हणाली, "मग चेहरा असा का?"

मंगळवार, ११ मार्च

राखणदार कागदावर छापला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी त्यावरची जुनी तारीख दोनदा वाचली. "तुमचं काय करायचं ते उद्या बघू. आधी त्यांना वर बोलवा."

खाली गेलो. सावकाशरावाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. त्याने कानावरचा हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली, वेळ घेतला.

"तो प्रोग्रॅम मी मागच्या मंगळवारीच पाहिला होता, मास्तर. तीन स्पेस तुमच्याशिवाय कोण देतं? म्हटलं, तुमचं तुम्ही काढाल. मग मला खाली पाठवलं, तेव्हा वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे."