गाळलेले बिंदू

रत्नागिरी,
१२ ऑक्टोबर १९८९

प्रिय गोपाळ,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्यावर फार जाऊ नकोस. तुझं पाकीट मिळालं. तीन वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम टाइप केलेला शोधनिबंध, त्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव आणि सोबत सहीचा कागद. वर विचारतोस, खुशाल आहेस ना. आहे हो. आप्पांचा उजवा हात अजून उचलत नाही, कॉलेजातली माझी नोकरी अजून हंगामीच आहे आणि पावसच्या बागेतल्या आंब्याच्या कलमांना यंदा पालवीच फार फुटली, म्हणजे मोहोर बेताचा. बाकी सगळं ठीक.

निबंध दोनदा वाचला. इंग्रजी सुधारलंय तुझं. आकृती तर इतकी देखणी की वर्गात लावावी. बिस्मथचे ते पापुद्रे मीच काचेवर चढवले होते, हेलियमच्या थंडीत, हळूहळू जाडी वाढवत. थंड करत गेलं की पातळ पापुद्रा वीज अडवतो आणि जाड असला की अतिसंवाहक होऊन बिनविरोध सोडतो. या दोन्हींच्या मधली ती नेमकी जाडी, निरपेक्ष शून्य तापमानाला जिथे एक अवस्था संपून दुसरी सुरू होते, तेच क्वांटम संक्रमण आपल्याला दाखवायचं होतं. पण निरपेक्ष शून्यापर्यंत कुणीच पोचत नाही. म्हणून तू आलेखावरची प्रत्येक जाडीची रोध आणि तापमानाची रेघ एका आकड्याने सरकवलीस, दुसऱ्याने ताणलीस आणि सगळ्या एकमेकींवर बसवल्यास; रेघा जुळल्या म्हणजे संक्रमण सिद्ध, असं तुझं म्हणणं. बसणारच त्या. दोन्ही आकडे आपल्याच हातात आणि तापमानाचा पट्टा वीतभर. एवढी मोकळीक असेल तर परसातल्या पडवळांच्या वाढीच्या रेघाही मी एकीवर एक बसवून दाखवीन.

शितावरून भाताची परीक्षा करावी, मान्य. पण शीत वरचंच उचलायचं आणि तळाला करपलंय का ते बघायचंच नाही, ही कुठली परीक्षा? सगळ्यात थंड तापमानाचे बिंदू तू गाळलेस. तिथे रोध खाली जायचा थांबतो, रेघ आडवी होते. ना धड सोडणं, ना धड अडवणं. ते बिंदू ठेवले की तुझ्या जुळलेल्या रेघा फाकतात. तळटीप टाकलीस की मोजण्याच्या करंटने पापुद्रा तापला होता. कुणी तापवला रे? करंट निम्मा करून पाहिला होता मी, मग त्याच्याही निम्मा. रोधाचा आकडा हलला नाही. तू शेजारीच उभा होतास, चहाचा कप घेऊन.

आपलं लग्न ठरत होतं तेव्हा तुझ्या आईच्या जोशीबुवांनी पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं. आप्पांनी चारचौघांसारखी माझी जन्मवेळ जरा पुढे सरकवून आणली. सुईण थोडीच घड्याळाकडे बघत होती. गुण जुळले, घरात सगळे खूश. आणि तू म्हणालास, ओढूनताणून जुळवलेलं मला नको, संसाराची सुरुवात खोट्याने करणार नाही. पत्रिका बाजूला ठेवून लग्न करायला मात्र तू तयार नव्हतास, तिथे आईचा शब्द आडवा आला. तरी मला तुझा अभिमान वाटला होता. रडत होते आणि अभिमानही वाटत होता, इतकी मी मूर्ख. पुढे आप्पांना झटका आला आणि मी प्रबंध अर्धा टाकून इकडे आले.

आता कामाचं. मी सही केली तर आपले मार्गदर्शक सर हाच निबंध जोडून माझा प्रबंध पुढे पाठवतील, असं तू लिहितोस. पीएच.डी. झाली तर इथली जागा पक्की होईल, नाहीतर मार्चनंतर ती दुसऱ्याला जाईल. हे ठाऊक आहे म्हणूनच तू माझं नाव घातलंस. उपकार नव्हेत ते. त्या बिंदूंबद्दल बोलू शकणारी मी एकटीच उरले आहे, आणि तिने गप्प राहावं एवढंच तुला हवंय. संक्रमण तिथे असेलही, नाहीच असं मी म्हणत नाही. तुझ्या आकृतीने ते सिद्ध होत नाही. सहीचा कागद कोराच परत पाठवते आहे. गाळलेले बिंदू आज सकाळी सरांना आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना रजिस्टरने धाडले. ते तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून हे पत्र. तुझी बढती या निबंधावर अडली आहे, माहीत आहे मला. माझी नोकरीही त्याच्यावरच अडली होती.

कधीकाळची तुझीच,
कुसुम